ठासणीची बंदूक : अस्सल आणि प्रतिकृती

खालापूर तालुक्यातील चौक या गावाची ख्याती दुहेरी आहे. स्वराज्याचे सरनोबत नेताजी पालकर यांचे हे गाव, असे परंपरा सांगते आणि गावकरीही ते अभिमानाने सांगतात. आणि याच गावाच्या आसमंतात, कर्जतच्या वाटेवर, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली आपली चित्रनगरी वसविली, जिच्या आवारात ‘पानिपत’ या २०१९ च्या चित्रपटासाठी शनिवारवाडा नव्याने उभा राहिला. पुण्याचा खरा वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला आणि त्याचे तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. कर्जतकडील वाडा मात्र लाकूड, प्लास्टर आणि रंग यांच्या बळावर सज्जादिवाणखान्यासकट प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आला. अशा वाड्याच्या पहाऱ्यावर नटांच्या खांद्यावर दिसणारी बंदूक, आणि तेथून काही कोसांवर सह्याद्रीच्या पायथ्याशी एखाद्या कौलारू घराच्या आढ्याला टांगलेली पणजोबांची ठासणीची बंदूक, या दोन वस्तूंचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांपुरता आहे असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो प्रघात मला मान्य नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर आपण ज्या बेफिकिरीने टाळीत आलो आहोत, तिच्यामुळे अस्सल वस्तू गंजून चालल्या आहेत आणि नक्कल करणारे कारागीर, दुसरे काही हाताशी नसल्यामुळे, नकलेचीच नक्कल करू लागले आहेत.

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि गोळी किंवा छरे आत सोडून ते गजाने ठासावे लागतात ती. तिची तीन कुळे. तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवून वाळविलेल्या सुताच्या दोरीचे पेटते टोक नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्रावरील, म्हणजे कानावरील, रंजकेला (पेटवणीच्या दारूला) भिडते. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी पात्यावर आपटून ठिणगी पाडते. आणि एकोणिसाव्या शतकात आलेल्या केपाच्या बंदुकीत तांब्याच्या लहानशा टोपीतील स्फोटक द्रव्यावर घोडा आपटला की आत आग पोहोचते. दारू तिन्हींची एकच: साधारणतः पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. कोकणातील घरांत आज जे नग आढळतात त्यांतील बहुतेक केपाचे आणि गुळगुळीत नळीचे असतात. नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडलेली खरी रायफल त्यांत क्वचितच सापडते, आणि जिला मालक मोठ्या प्रौढीने रायफल म्हणतो तिच्या तोंडात विजेरीचा झोत टाकला असता आतला पृष्ठभाग साफ सपाट निघावा, हा अनुभव या विषयातील जाणकारांना नवा नाही.

जुन्या नळीची घडण पाहिली म्हणजे तिच्याविषयी आदर आणि भय ही दोन्ही एकदमच उत्पन्न होतात. भारतीय लोहार लोखंडाची पट्टी सळईभोवती सर्पिल गुंडाळून, तापवून, ठोकून तिच्या कडा एकजीव करीत, आणि या पद्धतीने घडविलेली लांब, बुडाशी जाड अशी नळी सांध्याच्या बाबतीत उभ्या जोडाच्या अनेक विलायती नळ्यांहून सरस ठरे. परंतु ते लोखंड भट्टीतले. त्याच्या पोटात मळीचे धागे राहून गेलेले. त्यातच दारू जळाल्यानंतर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात उरतो, त्यातील क्षार हवेतील ओल शोषून घेतात, आणि ज्या कर्जतमध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो तेथे बार काढल्यावर नळी गरम पाण्याने न धुता ठेवणे म्हणजे तिला आतून कुरतडण्यासाठी वाळवी सोडण्यासारखेच होय. बाहेरून तेलपाणी करून लखलखीत ठेवलेल्या बंदुकीच्या बुडाशी, जेथे स्फोटाचा दाब सर्वांत जास्त असतो नेमके तेथेच, खोल खड्डे पडलेले असतात आणि डोळ्यांना ते दिसत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट आणखी एक आहे. पणजोबांनी रानडुकरासाठी भरून ठेवलेला बार डुक्कर न आल्यामुळे तसाच राहिला, पणजोबा गेले, आणि बंदूक भिंतीवर भरलेलीच राहिली, असे घडू शकते व जगभरच्या संग्रहालयांत असे भरलेले नग सापडलेले आहेत. दारू कोरडी राहिली तर शतकानंतरही ती पेटू शकते. म्हणून कोणतीही जुनी ठासणीची बंदूक हाती आली की प्रथम गज नळीत शेवटपर्यंत सोडावा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी, मग गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहावा. त्याचे टोक कानाच्या छिद्रापर्यंत न पोहोचता अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे असे समजून जाणत्या माणसाला बोलवावे. ही साधी परीक्षा आपल्या गावांतल्या फार थोड्या घरांत झाली असेल. दिवाळीत किंवा लग्नाच्या वरातीत ‘आजोबांच्या बंदुकीचा एक बार’ काढण्याची जी हौस असते तिचा मी याच कारणासाठी स्पष्ट शब्दांत निषेध करतो. अस्सल बंदुकीचे बार काढण्याचे वय सरले आहे. तिची साक्ष काढावी, तिची परीक्षा पाहू नये.

बार काढण्याचे काम प्रतिकृतीचे. पाश्चात्त्य देशांत हा विवेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुजला. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने या बंदूक घडविणाऱ्या गावात १९५७ साली स्थापन झालेल्या पेडरसोलीसारख्या कारखान्यांनी जुन्या नमुन्यांच्या बंदुका आधुनिक पोलादात घडविण्यास आरंभ केला, त्यांच्या नळ्या सरकारी परीक्षागृहात अधिक भाराने तपासून त्यांवर मुद्रा उमटविली जाऊ लागली, आणि बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल या पेढीने तर १८५३ च्या एनफिल्ड नमुन्याची बंदूक पुन्हा घडविताना मूळ सरकारी मापकेच आधाराला घेतली. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीसाठी १९७१ पासून जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिच्या स्पर्धांत अस्सल बंदुकांचा वर्ग निराळा आणि प्रतिकृतींचा निराळा ठेवला जातो. तेथे अस्सल बंदुकाही चालविल्या जातात हे मी जाणतो. पण त्या तपासलेल्या, जपलेल्या, मोजून भरलेल्या असतात, आणि आपल्या आढ्यावरील बंदुकीला ती उपमा लागू पडत नाही. त्या वर्गीकरणातील खरी शहाणपणाची गोष्ट अशी की प्रतिकृतीला तेथे कोणी हीन लेखीत नाही आणि तिला अस्सल म्हणवून मिरवूही देत नाही.

ज्याने दोन्ही हातांत धरून पाहिल्या आहेत त्याला भेद सांगावा लागत नाही. अस्सल बंदुकीची नळी तोंडाकडे निमुळती होत जाते, लाकूड हाताच्या पकडीपाशी आटोपशीर कोरलेले असते, आणि त्यामुळे चार-साडेचार किलोंची ती वस्तू खांद्याला लावताच हलकी वाटते. प्रतिकृतीत नळी सुरक्षिततेच्या हिशेबाने जाड ठेवलेली, लाकूड यंत्राने कातून थोडे अधिकच राखलेले, स्क्रू आजच्या मापाचे, आणि एकूण तोल पुढे झुकणारा असतो. एनफिल्डच्या मूळ नळीतील खाचा बुडाशी खोल आणि तोंडाकडे उथळ होत जाणाऱ्या असत. नकलेत त्या बहुधा सारख्याच खोलीच्या पाडतात, कारण तसे करणे स्वस्त पडते. याउलट निर्धोकपणा, एकसारखेपणा आणि मोडलेला भाग सहज बदलता येणे हे गुण प्रतिकृतीच्या पदरी निर्विवाद आहेत.

या एनफिल्डविषयी आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. .५७७ इंच व्यासाची, एकोणचाळीस इंच नळीची, तीन मळसूत्री खाचांची ही बंदूक. हिच्याच काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा वणवा भडकला. तो शमल्यावर सरकारने हिंदी पलटणींच्या हाती बाह्यतः अगदी तशीच दिसणारी, पण .६५६ इंचांची गुळगुळीत नळी असलेली बंदूक दिली, जेणेकरून शिपायाचा नेम गोऱ्या सोजिराच्या नेमाइतका लांब पोहोचू नये. म्हणजे रूप तेच ठेवून सत्त्व काढून घेतलेली नक्कल ही काही चित्रपटवाल्यांनी शोधून काढलेली युक्ती नव्हे. कंपनी बुडाल्यावर आलेल्या राज्याने ती जाणूनबुजून, दप्तरी ठराव करून अमलात आणली होती.

आणि अस्सल म्हणून आपण ज्याची पूजा करतो ते तरी किती अस्सल? महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी त्यांचा युरोपीय सेनानी द बॉयन याच्या देखरेखीखाली आग्र्यास जो कारखाना निघाला त्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर विलायती नमुन्यावरून बंदुका घडवून घेत असे आणि एका नगाला दहा रुपये खर्च येई, असे इतिहासकार नमूद करतात. त्या बंदुका फ्रेंच-इंग्रज नमुन्यांच्या नकलाच होत्या, आणि तरीही आज त्यांतील एखादी हाती लागली तर ती अस्सल मराठी इतिहासाचे साधन म्हणून आपण माथ्यावर घेऊ, व ते योग्यच होईल. कारण तिचा अस्सलपणा तिच्या आराखड्यात नसून ती कोणाच्या हातात, कोणत्या रणांगणावर होती यात आहे. लंडनच्या संग्रहालयातून २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्यास आलेली वाघनखे शिवाजी महाराजांचीच का, यावरून जो वाद माजला तो याच मुद्द्यावर अडखळत होता. वस्तू जुनी असणे आणि ती विशिष्ट हातातली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीला कागदाचा पुरावा लागतो.

हा कागदाचा पुरावाच आपल्याकडे नाही, म्हणून तिसरा एक प्रकार फोफावला आहे, ज्याची मला सर्वांत अधिक चीड आहे. कर्जत-खालापूरच्या माळांवर गेल्या काही दशकांत जी फार्महाऊसे उभी राहिली त्यांच्या दिवाणखान्यांत ढाल, दोन तलवारी आणि त्यांच्यामध्ये एक ‘पेशवेकालीन’ बंदूक अशी मांडणी हटकून दिसते. ती बंदूक पुष्कळदा गेल्या पाचदहा वर्षांत जन्मलेली असते. आम्लाने तिचे लोखंड काळवंडविलेले, शिसवी दस्त्यावर मुद्दाम ओरखडे काढलेले, आणि चापाच्या पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या सिंहाची खूण ठोकलेली. खऱ्या बंदुकीवर ती खूण बारीक आणि झिजलेली असते. येथे ती ठसठशीत. प्रामाणिक प्रतिकृती आपले वय लपवीत नाही. भारतातील कारागिरांनी घडविलेल्या अशा प्रतिकृती अमेरिका-कॅनडातील ऐतिहासिक संचलनांच्या हौशी मंडळींना विकल्या जातात, आणि कायद्याच्या सोयीसाठी पुष्कळदा कानाचे छिद्र न पाडताच, शोभेची वस्तू म्हणून त्या रवाना होतात. अक्रोडाऐवजी शिसवी लाकूड, कच्च्या पाण्याचे पाते, अशा त्यांच्या उणिवा तिकडचे गिऱ्हाईक जाणून असते. त्या कारागिराला मी नमस्कार करीन. आम्लात बुडवून शतकाची कमाई एका रात्रीत करणाऱ्या दलालाला नव्हे.

गावठी बंदुकीविषयीही येथे बोललेच पाहिजे. नळाच्या तुकड्यापासून चोरून घडविलेली, शिकाऱ्याच्या हातात फुटून त्याचाच पंजा उडविणारी ही वस्तू बेकायदा आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही. परंतु जुन्या लोहाराचा हात जिथे अजून जिवंत आहे ते हेच एक चोरटे ठिकाण, ही गोष्ट कबूल करताना थोडी लाज वाटते.

आता चित्रपटाकडे वळू. पडद्यावरील बंदुकीने बार काढावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ती फायबरची असो की पत्र्याची, दुरून खरी दिसली की पुरे. माझी तक्रार निराळी आहे. सतराव्या शतकातील मावळ्याच्या हाती एकोणिसाव्या शतकातील केपाची बंदूक देणारे दृश्य आपण इतक्यांदा पाहिले आहे की ते आता कोणाला खटकेनासे झाले आहे, आणि हे अज्ञान नुसते वेशभूषेचे राहत नाही, ते लढाईच्या आकलनात शिरते. खालापूर तालुक्यातच चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत घाट उतरून कोकणात निघालेल्या कारतलबखानाच्या मोगली फौजेला शिवाजी महाराजांनी या खिंडीत कोंडले आणि त्याच्याच फौजेतील सरदारीण रायबागन हिच्या सल्ल्याने खानाला शरण यावे लागले. त्या काळची बंदूक तोड्याची. तोडा पेटता ठेवावा लागतो. त्याचा धूर दिसतो, जळक्या सुताचा वास वाऱ्यावर जातो, रात्री त्याचे टोक निखाऱ्यासारखे चमकते. दाट रानात दबा धरून बसलेल्या माणसाने तो केव्हा पेटवावा, वारा कोणत्या बाजूचा असावा, अरुंद खिंडीत पहिल्या बारानंतर कोंडलेला पांढरा धूर दुसऱ्या बाराच्या वेळी नेम धरू देईल की नाही, आणि रिकाम्या झालेल्या नळ्या पुन्हा भरण्यास जो अर्ध्या-एक मिनिटाचा अवधी लागतो त्यात धनुष्यबाण आणि दगडगोटे यांनी किती काम केले असेल, हे प्रश्न पोथीतून सुटणारे नाहीत. मोजून घडविलेली एक तोड्याची प्रतिकृती, रीतसर परवाना, माहीतगार माणसे आणि फेब्रुवारीतील एक सकाळ एवढ्या सामग्रीवर त्यांतील निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतील. केपाची बंदूक घेऊन हा प्रयोग केला तर निष्कर्ष साफ चुकेल. कारण बार निघेपर्यंत केपाला ना धूर, ना वास, ना उजेड.

परंतु मोजून घडवावयाची तर मोजावयाचे कशाला? येथे आपण कायद्यापाशी येतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी प्रजेच्या हातातील हत्यार परवान्याला बांधले गेले, आणि दुसऱ्याच वर्षी शेजारच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहून त्यांचा साथीदार दौलतराव रामोशी याने पळस्प्याच्या बाजूला धाडी घातल्या. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने ठासणीच्या बंदुकीला एक विलक्षण सवलत दिली: खरोखर पीकसंरक्षणासाठी ती मागितली असता परवाना द्यावा, असे तेराव्या कलमात तिचे नाव घेऊन म्हटले आहे. कर्जतच्या भात आणि नाचणीच्या शेतात रानडुकरे उतरतात, म्हणून ही तरतूद अनेक कुटुंबांच्या दप्तरात जिवंत राहिली. याच कायद्याचे पंचेचाळिसावे कलम जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला कायद्यातून वगळते, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसावे. परिणाम असा की परवान्याची कटकट नको म्हणून जो वारस बंदूक घरात ठेवू पाहतो त्याला तिची नळी भोसकून किंवा कापून तिचा घात करावा लागतो, आणि जो तसे करू धजत नाही तो ती ठाण्यात जमा करून मोकळा होतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावशेष ठरते खरी. पण मालखान्यातील कारकुनाच्या नोंदवहीत ती ‘एक ठासणीची बंदूक, जुनी, गंजलेली’ एवढ्या पाच शब्दांवर उरते आणि विल्हेवाटीच्या यादीत इतर मुद्देमालाबरोबर वितळून जाते.

माझी मागणी मोठी नाही. निवडणुका आल्या की आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर, सर्वत्र हा शिरस्ता आहे. त्या वेळी प्रत्येक ठासणीच्या बंदुकीपुढे नोंदवहीत आणखी काही रकाने भरावेत: नळीची लांबी, तोंडाचा व्यास, आत खाचा आहेत की नाहीत, चापाच्या पट्टीवरील खुणा व अक्षरे, लाकडाची जात, घराण्यात ती कोठून आली याविषयी मालक जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, आणि चारी बाजूंनी छायाचित्रे. जमा झालेला कोणताही नग नष्ट करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने तो एकदा हाताळून पाहिल्याचा दाखला असल्याशिवाय आदेशावर सही होऊ नये. ज्या वारसाला बंदूक नकोशी झाली आहे पण कापवतही नाही, त्याच्याकडून ती महजर करून घेऊन कर्जतला एखाद्या सार्वजनिक वास्तूत कुलूपबंद कपाटात ठेवावी, आणि चित्रनगरीतल्या किंवा बाहेरच्या ज्या कारागिराला नमुना हवा असेल त्याला तेथे कारकुनाच्या समक्ष मोजपट्टी लावू द्यावी.

यावर कोणी अधिकारी म्हणेल की निवडणुकीच्या धामधुमीत हवालदाराला व्यास मोजावयास कोठून सवड मिळणार. मिळणार नाही, हे मलाही कळते. म्हणून हे काम त्याच्यावर टाकू नये. बंदुका ठाण्यात असतात ते आठवडे मतमोजणी होईपर्यंत जातात, आणि तेवढ्या अवधीत जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाचे चार विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या जबाबदारीवर, ठाणेदाराच्या परवानगीने, नळी रिकामी असल्याची आधी खात्री करून घेऊन, ही मोजणी सहज उरकू शकतील.